काळोख पाहिजे, पार्किंगसह

मे महिना सरत आला की हिंजवडीच्या काचेच्या इमारतींमध्ये निसर्गाची ओढ उत्पन्न होते. शुक्रवारचा शेवटचा कॉल संपल्यावर ती जोर धरते आणि रविवारी रात्री, सोमवारच्या स्टँडअपच्या आठवणीने, आपोआप ओसरते. या दिवसांत ती भंडारदऱ्याकडे वळते. पाऊस जम बसवेपर्यंत घाटघर, मुरशेत, साम्रदच्या रानात हिरडा-बेहड्याच्या झाडांवर काजवे लखलखतात, आणि ते बघायला वाकडहून बस सुटतात.

अंतर सुमारे १७० किलोमीटर. चाकणच्या कोंडीतच अनेकांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात, पण ते पॅकेजमध्ये धरलेले नाहीत. धरलेल्या गोष्टींची यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर असते: बस, अनलिमिटेड पिठलं-भाकरी, बसमध्ये उभं राहून नाव, कंपनी आणि छंद सांगण्याचा ओळखीचा खेळ. विल्सन धरण आणि १६४६ मीटर उंचीचं कळसूबाईही यादीत असतं. अंधारात दोन्ही दिसत नाहीत, तरी मोजायला काय हरकत? शेवटी तळटीप: ‘काजवे दिसणे निसर्गावर अवलंबून. पैसे परत मिळणार नाहीत. टॉर्च अनिवार्य.’

आमच्या भाच्याला विचारलं, ‘‘बाबा रे, काजवेच का?’’ दोन पॉवर बँका पिशवीत कोंबत तो म्हणाला, ‘‘मामा, डिजिटल डिटॉक्स!’’

ही मंडळी भाळतात ती एका फोटोवर. अख्खं झाड हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांनी मढलेलं. पण असे फोटो बहुधा एका क्षणाचे नसतातच. कॅमेरा तिकाटण्यावर रोवून, एकेका फोटोला बराच वेळ देऊन, असे अनेक फोटो एकावर एक रचावे लागतात. तिमाहीभर इकडेतिकडे सांडलेलं काम एका स्लाइडवर मांडून साहेबाचे डोळे दिपवायची विद्या ज्यांना अवगत आहे, त्यांना तरी हे ओळखू यायला हवं होतं. पण रानात फोन वर धरल्यावर पडद्यावर नुसता काळा चौकोन उमटतो आणि राग निघतो काजव्यांवर. ‘‘एवढंच?’’ मग कुणीतरी फ्लॅश मारतो.

काजव्यांची बाजू कुणी विचारत नाही. बिचाऱ्याचा बहुतेक जन्म अळीच्या रूपात, ओल्या मातीत गोगलगायी खाण्यात गेलेला. पंख फुटल्यावर हाताशी दिवस थोडे, आणि तेवढ्यात लग्न जमवायचं. नर उडता उडता ठराविक तालात लुकलुकतो. खाली गवतात बसलेली मादी पसंत पडला तर उजेडानेच होकार देते. ना फोटो, ना पगाराची चौकशी, ना ‘पुण्यात स्वतःचा फ्लॅट’. स्वाइप करून अंगठा झिजवलेल्या पिढीला हे बघून खरं तर गहिवरून यायला हवं.

पण रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग, आणि निम्म्यांचे पिवळे पार्किंग लाइट तालात लुकलुकतायत. गवतातल्या उपवर मादीने यातून स्थळ निवडायचं कसं? वळणावरची ती लाल एसयूव्ही केव्हाची न थकता खुणावते आहे. स्थळ उजवंच, फक्त हप्ते अजून पाच वर्षं फेडायचेत. तेवढ्यात सेल्फीसाठी कुणीतरी रस्ता सोडून गवतात उतरतो आणि वधू त्याच्या स्पोर्ट्स शूखाली जाते.

वनखातं दिवे, भोंगे आणि गाणी बंद ठेवायला सांगतं. गावातल्या पोरांना वाटाड्याचं काम मिळतं, या चार आठवड्यांत जेवणाचे आणि तंबूंचे पैसे घरोघर पोचतात. त्यावर नाक मुरडायचा अधिकार पुण्याच्या सोफ्यावर बसलेल्या माझ्यासारख्याला अजिबात नाही. पण त्या पोरांचं काम ऐका: रात्रभर एकच वाक्य. ‘‘साहेब, लाइट बंद करा.’’ साहेब लाइट बंद करतात, आणि घड्याळात पावलं किती झाली ते बघायला मनगट उजळतात.

पहाटे नारायणगावला मिसळ होते. तिचा फोटो मात्र उत्तम येतो. दुपारी भाच्याने सहलीला पाचपैकी तीन तारे दिले. काजवे बरे होते, म्हणे, पण नेटवर्क नव्हतं.

संध्याकाळपर्यंत ग्रुपचं नाव बदलून ‘नाणेघाट उलटा धबधबा, पहिली बॅच’ झालेलं होतं. खाली नवी तळटीप: ‘वारा पडल्यास धबधबा खाली पडेल. पैसे परत मिळणार नाहीत.’