मे महिन्यातला दुबईकर

संकेश्वर, निपाणी, गडहिंग्लज या पट्ट्यातून दरवर्षी अक्षय्यतृतीयेच्या आगेमागे एक गृहस्थ दुबईला निघतात. वय साठीच्या पुढे, चार एकर ऊस, मुलगा तिकडे नोकरीला आणि गावात हाक ‘अण्णा’ अशी. तिकडचे हवामान कोणी कितीही समजावून सांगितले तरी ते मे महिन्यातच जातात. त्यामागे शेतीचे पक्के गणित असते.

दुबईत घराबाहेर हिंडण्याफिरण्याचा काळ म्हणजे नोव्हेंबर ते मार्च. दुपारीही उन्हात चालता येते. ग्लोबल व्हिलेजची जत्रा भरते, मिरॅकल गार्डनमध्ये वाळवंटात फुले फुलवून दाखवतात, रस अल खोरच्या पाणथळीत फ्लेमिंगो उतरतात. नेमक्या याच महिन्यांत हिरण्यकेशी कारखान्याचा गळीत हंगाम चालू असतो. तोडीची पाळी कधी येईल याचा भरवसा नसतो. टोळी दारात आली आणि मालक विमानात असला तर ऊस उभाच राहतो. त्यातच संकेश्वरी मिरचीची तोडणी, वाळवण आणि सौदे. हे सगळे आटोपून अण्णा मोकळे होतात तेव्हा दुबईचा पारा चाळिशीला टेकलेला असतो, जत्रा आवरत आलेली असते आणि फ्लेमिंगोही बहुतेक निघून गेलेले असतात. मृगाच्या आत परतणे भाग, कारण सोयाबीन दुसऱ्याच्या हाताने पेरलेले अण्णांना चालत नाही. मधल्या जेमतेम महिन्याभरात वाळवंटातले शहर पाहून घ्यायचे असते.

सामानात कपडे कमी आणि डबे जास्त. त्यात मुख्य डबा कांदा-लसूण चटणीचा, आणि पेच इथेच पडतो. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यास बंदी आहे, आणि खसखशीशिवाय केलेल्या चटणीला अण्णांच्या घरच्या काकू चटणी म्हणायला तयार नसतात. मुलगा फोनवर कायदा सांगतो, काकू आपल्या सासूची पद्धत सांगतात. शेवटी खसखस वगळून चटणी होते आणि पुढे महिनाभर प्रत्येक जेवणात तिच्यात काय कमी आहे याची चर्चा चालते. मिरची मात्र घरचीच असते. लाल दिसावी म्हणून ब्याडगी आणि ठसका लागावा म्हणून संकेश्वरी, हे प्रमाण देश बदलला तरी बदलत नाही.

तिथे पोहोचल्यावर पहिली अडचण फिरण्याचीच. मुलगा कामावर, सुट्टी शनिवार-रविवार. सकाळी दहानंतर शहरातली बहुतेक माणसे काचेआड असतात. बसथांब्यांनासुद्धा वातानुकूलित खोल्या केलेल्या आहेत. अण्णा मात्र पहाटे चारला उठणारे. साडेपाचला ते मुलाने घेतलेले पांढरे बूट घालून खाली उतरतात आणि इमारतीभोवती फेऱ्या मारतात. तिथे बागेला पाणी देणारे तेलंगणाचे मजूर भेटतात. दोन दिवसांत ओळख होते, चौथ्या दिवशी ठिबकच्या नळ्यांवर सल्ला सुरू होतो. खाऱ्या समुद्राचे पाणी गोडे करून वापरतात हे कळल्यावर अण्णा बराच वेळ काही बोलत नाहीत. मग विचारतात, “बिल कोण भरतंय ह्याचं?”

खाडी हे त्यांचे आवडते ठिकाण. देरा आणि बर दुबई यांच्यामध्ये ‘अब्रा’ नावाच्या लाकडी होड्या चालतात आणि एका दिऱ्हमात पलीकडे सोडतात. रुपयांत हिशेब पंचविशीच्या आसपास जातो. दुबईतला हा एकच खर्च असा, की तो ऐकून अण्णांच्या कपाळावर आठी पडत नाही. पलीकडे मसाल्याचा बाजार आहे. तिथे ते मिरची हातात घेतात, देठ मोडून पाहतात, वास घेतात आणि न बोलता परत ठेवतात.

वाळवंटातली सफर चुकत नाही. दुपारी साडेतीनला गाडी दारात येते. चालक बहुधा पेशावरकडचा असतो. वाळू लागण्याआधी तो खाली उतरून चारही चाकांची हवा निम्म्याने सोडतो. अण्णा लगेच काच खाली करून बेळगावी हिंदीत विचारतात, “हवा कायको छोडते जी?” हवा कमी झाली की चाक पसरट होते, भार जास्त जागेवर विभागतो आणि गाडी वाळूत रुतत नाही, हे चालकाने सांगताच ते पटते, कारण काळ्या रानात उसाची ट्रॉली फसल्यावर होणारे हाल त्यांना ठाऊक असतात. मग गाडी टेकडीवर चढते, कडेवर क्षणभर तिरकी होते आणि घसरते. मागच्या सीटवरून काकूंचा “बाळूमामाच्या नावानं चांगभलं!” असा पुकार उठतो. अण्णा मात्र वरच्या कडीला दोन्ही हातांनी लटकून, घाटातून शंभर वेळा ट्रॅक्टर नेल्याचे सांगत असतात. आवाज थोडा चिरकतो इतकेच.

तळावर उंट असतात. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे बेसावध माणूस पुढे झुकून त्याच्या मानेवर आदळतो. अण्णा बसत नाहीत. ते उंटाचे दात बघायला मागतात आणि किंमत विचारतात. रात्री नाच सुरू झाला, की सूनबाई शेजारी असल्यामुळे त्यांना एकदम आकाशातले तारे बघावेसे वाटतात. माळकरी असतील तर जेवणात भात, डाळ आणि खजूर.

८२८ मीटर उंचीचा बुर्ज खलिफा त्यांना खालूनच पुरेसा वाटतो. १२४व्या मजल्याचे तिकीट मुलाने आधीच काढलेले असल्याने जावे लागते. लिफ्ट मिनिटभरात वर पोहोचवते. अण्णा चहूकडे पाहतात आणि वल्लभगडावरून हिरवे तरी काही दिसते, तेही फुकट, असे नोंदवतात. मॉलमधल्या बर्फाच्या खोलीत शून्याखाली थंडी असते आणि अंगावर घालायला जाकीट तिथेच मिळते. तरीही ते गावाहून आणलेली कानटोपी त्याखाली घालतात.

परतल्यावर स्टँडजवळच्या हॉटेलात त्यांची वर्णने सुरू होतात. पहिल्या आठवड्यात दुबईचे तापमान ४१ असते, पंचमीपर्यंत ते ५०वर जाते. जो कोणी दुबईला निघेल त्याला “थंडीत जा” असे ते बजावतात, आणि ऐकणाराही ऊसवालाच असल्याने मान डोलावून मेचे तिकीट काढतो.

यांचीच एक पोटजात म्हणजे पाच दिवसांच्या पॅकेजवर दिवाळीनंतर जाणारे व्यापारी. निपाणीच्या तंबाखू पेठेत ते जास्त आढळतात. त्यांनी जत्रा, फुले, किनारे सगळे पाहिलेले असते, पण प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटे आणि दोन ठिकाणांमधल्या वेळात बसमध्ये झोप. त्यामुळे हॉटेलातल्या चर्चेत त्यांना कोणी विचारत नाही. एखादा शब्द बोललेच तर अण्णा चालकाच्या चाकातली हवा काढतात आणि विषय तिथे संपतो.