उर्सेचा कार्बन कर

देशात कार्बन कर लावावा की नाही, यावर दिल्लीत चर्चासत्रं झडतात. आमच्या मावळात उर्से टोलनाक्यावर तो सुरूही झालाय, नारळ तेवढा फोडायचा राहिला. 2025 च्या राज्य धोरणाने द्रुतगती मार्गावर इलेक्ट्रिक मोटारीला टोल माफ केला. धूर सोडणाऱ्या मोटारीला मुंबई-पुणे फेरीचे 2023 पासून 320 रुपये पडतात. अर्थात रविवारी संध्याकाळी लोणावळ्याहून परतताना ती माफीवाली मोटारही डिझेल ट्रकच्या मागे काचा लावून उभी असते, आणि तिची बॅटरी बहुधा कोळशाच्याच विजेवर भरलेली.

कोळशावर आपण पूर्वीच कर लावला होता. 2010 मध्ये टनामागे 50 रुपये, 2016 पर्यंत थेट 400. नाव काय, तर स्वच्छ ऊर्जा उपकर! 2017 मध्ये जीएसटी आला आणि वसुली राज्यांची महसुली तूट भरायला वळली. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. 2025 च्या सप्टेंबरात तोही वाळा काढून कोळशावरचा जीएसटी 5 टक्क्यांवरून 18 वर नेला.

आता युरोपने आपल्या पोलाद-अ‍ॅल्युमिनियमवर सीमेवरच कार्बन आकार बसवला, तेव्हा मात्र आपण खवळलो. साहजिकच आहे. धूर आपला, कोळसा आपला आणि नाका परक्याचा?