दहावी दिशा

घर बांधायचं ठरलं तेव्हा मी सर्वात आधी वास्तुशास्त्राच्या तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी होकायंत्र घेऊन आठही दिशा तपासल्या, स्वयंपाकघर आग्नेयेला ढकललं, देवघर ईशान्येला बसवलं आणि घसघशीत दक्षिणा घेऊन ते गेले. आपल्याकडे दिशा दहा मोजतात. वर स्लॅब पडणार होता, त्यामुळे नववीची चिंता नव्हती. दहावी पायाखाली होती. तिच्याबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

प्लॉट परभणीच्या कडेला, जिथं पूर्वी कपाशी व्हायची अशा रानात. एप्रिलात पाहायला गेलो तर जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. माझा किल्ल्यांचा जुडगा त्यातल्या एकीत पडला, तो अजून तिथंच आहे. सोबत आलेले काका म्हणाले, "अरे, वाडवडील पांढरीत राहिले आणि काळीत पेरत गेले. तू काळीत राहायला निघालास?" मी हसलो. बँकेत लोकांच्या घरकर्जाच्या फायलींवर सह्या करण्यात माझी हयात गेली होती, त्यामुळे बांधकामातलं आपल्याला सगळं कळतं याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

भाचा सिव्हिल इंजिनिअर. तो म्हणाला, "मामा, मातीची तपासणी करून घेऊ." खर्चाचा आकडा ऐकून मी म्हणालो, "माती काळी आहे हे मला फुकटात दिसतंय." हे वाक्य मला इतकं आवडलं, की वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी ते ऐकवलं.

गुत्तेदाराने चार फूट खोदलं, फुटिंग टाकली, कॉलम उभे केले आणि खोदून निघालेली काळी मातीच जोत्यात भरली. मुरमाच्या हायवा वाचल्या म्हणून मी त्याला वर चहा पाजला.

पहिल्याच पावसाळ्यात न्हाणीघराचं दार अडकलं. आत सौभाग्यवतींचे थोरले बंधू होते. त्यांना बाहेर काढल्यावर सुताराकडून दार तासून घेतलं. उन्हाळ्यात त्याच दाराला अशी फट पडली की आतून कडी लागेना, आणि आंघोळ करणाऱ्याने गाणं म्हणत राहायचं असा घरात नियम झाला. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघाल्या. मी लांबी भरून रंग दिला. भेगांनी तोही स्वीकारला आणि शेजारून नवी वाट काढली. गुत्तेदार म्हणाला, "साहेब, घर बसतंय. बसलं की थांबेल."

मग भाचा लेव्हलची नळी घेऊन आला. चारही कोपरे पाहून म्हणाला, "मामा, घर बसत नाहीये. उठतंय."

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती भिजवलेल्या साबुदाण्यासारखी फुगते आणि वाळली की आकसते. फुगताना ती वरच्या घराला अक्षरशः उचलते. जड इमारत तिला थोडीफार दाबून धरते. माझ्यासारख्याच्या एकमजली बंगल्याचं तिला काहीच ओझं वाटत नाही. पावसाळ्यात आधी कडेची माती भिजते, म्हणून कोपरे वर येतात. त्यात मी भिंतीला खेटून बाग केली होती आणि रोज संध्याकाळी पाइप सोडून बसत होतो. म्हणजे आठवडाभर पाऊस नसला तरी एका बाजूची सोय मी जातीने पाहत होतो.

शेवटी तपासणी केली. तिची पद्धत गमतीची आहे. भट्टीत वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन नळकांड्यांत घेतात. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलमध्ये ती फुगत नाही. २४ तासांनी दोन्हींतला फरक मोजतात. माझ्या प्लॉटची माती पाण्यात जवळजवळ दुप्पट झाली होती. घराभोवती रॉकेल सोडलं तर चालेल का, असं मी विचारलं. भाच्याने उत्तर दिलं नाही.

उपाय आधीपासूनच होते, हे जास्त लागलं. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल विकसित केले. साधारण ३.५ मीटर खाली, जिथं ऋतूंचा ओलावा फारसा पोचत नाही तिथं जायचं आणि खांबाच्या तळाला त्याच्या अडीचपट व्यासाचा काँक्रीटचा फुगा करायचा, की वरची माती कितीही उसळली तरी खांब उपटत नाही. जोत्याची बीमही जमिनीवर टेकवत नाहीत, खाली मोकळी फट ठेवतात. माती फुगली तर त्या फटीत फुगेल. दुसरी वाट आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवलेली: न फुगणाऱ्या पण धरून राहणाऱ्या मातीचा सुमारे मीटरभर थर मध्ये घालायचा. म्हणजे ज्या हायवा मी वाचवल्या, नेमक्या त्याच.

आता बाग उखडली आहे, घराभोवती रुंद फरशी करून पावसाचं पाणी दूर काढलंय. भेगा कमी झाल्या आहेत, संपलेल्या नाहीत. तेव्हा घर पाहायला अवश्य या, पण मे महिन्यात. ऑगस्टमध्येच यायचं असेल तर आंघोळ उरकून या.