रविवार अधिक रविवार

लोणावळ्यात घर असलेल्याला आपले नातेवाईक किती, हे पावसाळ्यात कळतं. तुंगार्लीतल्या आमच्या घरी जूनपासून जे येतात ते रविवारी येतात, भुशी धरणावर भिजतात, कणसं खातात, घरातले झाडून सगळे टॉवेल ओले करतात आणि ‘तुमची मजा आहे बुवा’ म्हणत चिक्की घेऊन लोकल पकडतात. चेहरे तेवढे वेगळे. जन्मभर ग्रुप थिअरी शिकवल्यामुळे मला त्यांच्यात कोसेट दिसतं. हिला टॉवेल दिसतात.

सगळे पूर्णांक घ्या. त्यातल्या सातच्या पटीतल्या संख्या, शून्य आणि उण्या धरून, हा एक उपगट. त्यातल्या प्रत्येकीत एक मिळवा, की झालं एक कोसेट. दोन मिळवा, आणखी एक. सात मिळवायला गेलात तर पुन्हा मूळ घरी. कोणाचा पाय कोणात नाही आणि एकही संख्या बाहेर उरत नाही. दिवसांना ओळीनं क्रमांक दिले की हेच आपले सात वार. शून्य कुठल्या वारी ठेवायचं ते ज्याचं त्यानं बघावं; आम्ही सोमवारी ठेवतो, कारण त्या दिवशी घर आमचं असतं. उपगटाचा मान ज्यात शून्य आहे त्यालाच, म्हणजे सोमवारला. बाकीचे सहा त्याच मापाचे, फक्त सरकवलेले.

माप सारखं, यावरच तर लाग्रांजचं प्रमेय उभं आहे. बारा घटकांच्या गटात पाचांचा उपगट होऊच शकत नाही, कारण पाचानं बाराला भाग जात नाही. गट ही कल्पना रुळायच्या कितीतरी आधी, १७७० च्या सुमारास, या गृहस्थाला त्याची चाहूल लागली होती. आमच्याकडे मात्र बारा पाहुणे आले की सात जातात आणि पाच मुक्कामाला राहतात. लाग्रांज तुंगार्लीला कधी आला नाही.

गणिती माणसानं मावळात यावं ते दामोदर धर्मानंद कोसंबींसारखं. डेक्कन क्वीननं मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये जायचं, एरवी कार्ल्याच्या लेण्यांसाठी डोंगर तुडवायचे, आणि कोणाकडे टॉवेल मागायचा नाही.

हिला प्रमेयात रस नाही, पण हिशेब पक्का आहे. ३६५ म्हणजे बावन्न आठवडे आणि वर एक दिवस, म्हणून कुठलीही तारीख दरसाल एक वार पुढे सरकते. मध्ये २९ फेब्रुवारी आली तर दोन. २०२५ चा १५ ऑगस्ट शुक्रवारी होता, तीन दिवस घरात चालायला जागा नव्हती. २०२६ ला शनिवार, २०२७ ला रविवार; लोक तसेही येणारच होते. २०२८ ला मंगळवार. ‘सुटलो,’ मी म्हणालो. ‘अहो, मधल्या सोमवारी रजा टाकतील ना!’ म्हणजे उपगटही गेला.

बीएस्सीला असलेल्या भाच्यानं परवा विचारलं, ‘मामा, कोसेटांची बेरीज होते?’ होते. दोन्हींतून कुठलाही एकेक घटक उचलायचा, मिळवायचे आणि उत्तर कुठल्या कोसेटात पडतं ते बघायचं; कोणीही उचला, कोसेट तेच येतं. सोमवार शून्य, तर रविवार सहा. सहा नि सहा बारा, सात वजा, उरले पाच. रविवार अधिक रविवार बरोबर शनिवार. त्याला इतक्या चटकन पटलं की माझं मन भरून आलं.

पुढच्या खेपेला तो शनिवारी सकाळीच दारात, मागे चौघे मित्र.

‘मामा, मागचे दोन रविवार मिळवून आलोय.’