खाऱ्या वाऱ्याचा परवाना

मुंबईसारख्या समुद्रवेष्टित नगरीत विजेची तार ओढावयाची तर, १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमाने घालून दिलेल्या आणि पुढील विनियमांनी श्रद्धापूर्वक जतन केलेल्या परंपरेनुसार, ठेकेदाराजवळ परवाना, पर्यवेक्षकाजवळ सक्षमतेचे प्रमाणपत्र, तारतंत्र्याजवळ त्याचा दाखला आणि कपाटात तारांचे रोधन मोजणारा मेगर असलाच पाहिजे. तो कपाटाबाहेर काढण्याची सक्ती कोणी केल्याचे मात्र ऐकिवात नाही. शुल्क, हमीपत्र, नूतनीकरण असे सोपान चढून गेलेल्या ठेकेदाराची स्वाक्षरी इतकी मौल्यवान ठरते की, ती इतरांच्या कामावरही योग्य मोबदल्यात उमटू लागते, आणि कधी न पाहिलेल्या घरातील तारांचे रोधन त्याला बसल्या जागी समाधानकारक आढळते. ही दृष्टी योग्यांनाही दुर्लभ.

उणीव एकच. अर्थिंगची पट्टी गंजविणारा खारा वारा अद्याप विनापरवाना फिरतो. त्याने तीन प्रतींत अर्ज करून, नाहरकत दाखला हाती पडेपर्यंत गंजविणे तहकूब ठेवावे, असा हुकूम तातडीने निघावा. बाकी बंदोबस्त चोख आहे. स्टुलावर उभे राहून प्रत्यक्ष तार जोडणाऱ्या पोराचे नाव कोणत्याच कागदावर नसल्यामुळे, त्याला शॉक बसला तरी तो सरकारदरबारी बसलेला नसतो.