नव्याण्णव लाख खेळांचे धनी

आंबवड्यात जुन्याची ददात नाही. नागेश्वराचं देऊळ आहे, कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या आहेत, भोर संस्थानच्या काळातला झुलता पूल आहे. आमच्या बापूंनी मात्र यातल्या कशासाठी कधी आवाज चढवलेला नाही. स्वतःच्या घराची सागवानी तुळई त्यांनीच विकली, कौलं उतरवून स्लॅब टाकला, आजीचं जातं तुळशीपाशी पालथं पडलंय. बापू भांडतात ते मारिओसाठी, लहानपणी टीव्हीवर खेळलेल्या व्हिडिओ गेमसाठी.

वय पंचेचाळिशीचं, शिरवळच्या कंपनीत शिफ्ट. झुलत्या पुलावरून ते अजूनही पळतच जातात. कॉन्ट्रा नावाच्या खेळात पहिल्या लेव्हलला पूल पायाखालून उडत जातो, त्याची सवय. जुना खेळ कुणी नव्याने काढलाय असं कानावर आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "हात कुठं कुठं लावलाय?"

गंमत अशी की बापूंचं म्हणणं ऐकत गेलं तर ते पटत जातं. मारिओच्या 1-2 या लेव्हलमध्ये शेवटच्या पाइपाजवळ विशिष्ट तऱ्हेने उडी मारली की तो भिंतीतून आरपार जातो आणि 'उणे एक' नावाच्या जगात पोचतो. पाण्यातली लेव्हल, कितीही पोहा, शेवटचा पाइप पुन्हा सुरुवातीलाच आणून सोडतो. प्रोग्रामची चूक, दुसरं काही नाही. 1993 साली निंटेंडोने, म्हणजे मारिओच्या कंपनीने, खेळ नव्या चित्रांसह पुन्हा काढला तेव्हा ही चूक दुरुस्त केली. "सुधारायला सांगितलं कुणी?" बापू विचारतात. मूळ खेळ सगळा मिळून 40 किलोबाइटचा. जागा वाचवायची म्हणून ढग आणि झुडूप एकच चित्र, फक्त रंग वेगळा. एका आडव्या ओळीत आठच हलती चित्रं दाखवता यायची, नववं आलं की लुकलुक सुरू. काही नव्या आवृत्त्यांत ही लुकलुक काढता येते. बापूंना ती हवी असते, कारण गर्दीत शत्रू दिसेनासा होणं हा त्यांच्या लेखी खेळाचाच भाग. इथवर मी बापूंच्या बाजूचा.

पुढे मात्र त्यांच्याबरोबर जाववत नाही. बदकं मारायच्या खेळासाठी त्यांनी डबा टीव्ही जपून ठेवलाय. त्याला कारण आहे : घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि तो उजेड बंदुकीला दिसला तर बदक मेलं. हे गणित जुन्या टीव्हीच्या वेगावर बसवलेलं. सपाट टीव्हीवर चौकोन उशिरा उमटतो आणि नेम चुकतो. टीव्हीचं ठीक, पण बापूंना त्या वेळचं भारनियमनही हवंय. खेळ सेव्ह करायची सोय नव्हती, आठव्या जगात पोचलं की लाइट जायची, पुन्हा पहिल्यापासून. 2019 साली निंटेंडोने जुन्या खेळांना मागे फिरवायची सोय दिली, म्हणजे खड्ड्यात पडलेला मारिओ उलटा वर येतो. बापूंना हे पापच वाटतं.

"मग काय मध्येच मेन स्विच बंद करायचा?" वहिनींनी एकदा विचारलं.

"करायला पायजे," बापू शांतपणे म्हणाले. वहिनींनी केलाही, पण तेव्हा क्रिकेटची मॅच चालू होती. त्यावर बापूंनी जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

गेल्या दिवाळीत पुण्याचा भाचा आला. निंटेंडोने 2016 साली काढलेला तळहाताएवढा डबा कुणीतरी त्याला अमेरिकेहून आणून दिला होता. आत तीस जुने खेळ.

"तीसच? आमच्या कॅसेटीत नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव हुते."

"मामा, त्यात आठ-दहाच होते. तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा."

बापूंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. कॅसेट घालायला, फुंकर मारायला डब्याला कुठे भोकच नाही, ही पहिली तक्रार. कॉन्ट्रा नाही, त्याचा दुसराच भाग आहे, ही दुसरी. मग मारिओ सुरू झाला. बापू पडद्याजवळ गेले आणि बोट ठेवलं. खेळाच्या नावाखाली छापलं होतं : 1985, निंटेंडो.

"हे बघ. हितं घुसडलंय. आपल्याला असं काय नव्हतं."

खरंच नव्हतं. नक्कल करणाऱ्यांनी कॅसेट भरताना कंपनीचं नाव आणि साल बऱ्याचदा पुसून टाकलेलं असायचं. भाच्याने हे समजावायचा प्रयत्न केला. बापूंनी मान हलवली ती आडवी. शेवटी त्याने लॅपटॉप उघडला. 2019 साली कॉन्ट्राच्या कंपनीने, कोनामीने, त्याचा संच काढला, त्यात पहिलाच कॉन्ट्रा तीन तऱ्हेचा : नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचा, जपानी, अमेरिकी. जपानीत बर्फाच्या लेव्हलला बर्फ पडतो, अमेरिकीत पडत नाही. युरोपात तर माणसं काढून यंत्रमानव घातले होते.

बापूंनी तिन्ही मन लावून खेळून पाहिले. चहा गार झाला.

"यातला आपला कुठला?"

"आपला यात नाहीच मामा. आपला चोरीचा होता."

बापू थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तर मग कंपनीला कळव. म्हणावं, त्यो काढा."