कुंपणावरून गेलेली शिट्टी

"सातबाऱ्यावर मालकाचं नाव तेवढं राहिलं व बाई, जमीन सारी उधईनं खाल्ली!"

शेजारच्या काकू कुंपणाला टेकून हसत होत्या. टोकाच्या घरातल्या म्हातारबुवांनी सातबारा, जातीचा दाखला आणि पासबुक एका फडक्यात बांधून धानाच्या ढोलीत, अगदी तळाशी ठेवलं होतं. चोराच्या भीतीने. पेरणीसाठी ढोली उपसली तेव्हा फडकं शाबूत आणि आत भुसा. आता म्हातारबुवा तालुक्याला, सालेकशाच्या फेऱ्या मारतायत आणि गावाला आठवडाभराचा विषय मिळालाय.

"हसू नका काकू, तुमचे कागद कुठे आहेत?"

"माये? गादीखाली."

म्हणजे पाणी घरात शिरलं की सगळ्यात आधी भिजणार ते हेच. मी म्हटलं, झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सगळं ठेवा, दाराजवळच्या खुंटीला टांगा. आणि पोराच्या मोबाईलवर प्रत्येकाचा फोटो काढून ठेवा. काकूंना डबा पटला, मोबाईल नाही पटला. "त्याच्यात फोटो कमी अन् गाने जास्त."

आमचं धनेगाव कचारगडच्या पायथ्याशी, वर गोंडांची पवित्र गुहा. माघी पौर्णिमेच्या यात्रेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लाखो माणसं या वाटेने गुहेकडे चढतात. तेवढे दिवस गाव चोख असतं. पाण्याचे ड्रम भरलेले, हरवलेलं लेकरू कुठे नेऊन सोडायचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि तेच गाव आषाढातल्या एका रात्री आपल्याच घराबाहेर कसं पडावं याचा विचार करत नाही. काकूंना हे बोलले तर त्या जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "यात्रेची तारीख कळते ना व. भिंतीची कोन सांगते?"

भिंतीचं त्यांनी बरोबर धरलं. पूर आला की बातम्या वैनगंगेच्या काठच्या. २०२० च्या ऑगस्टअखेर शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि गोंदिया-भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावं बुडाली. आमच्यासारख्या डोंगरालगतच्या गावात भीती वेगळी. चार दिवस झड लागते, मातीची भिंत पायातून पाणी पिते, फुगते आणि रात्री बसते. तीही बहुतेक वेळा पाऊस थांबल्यावर, सगळे निर्धास्त झोपल्यावर. म्हणून झडीच्या दिवसांत म्हाताऱ्यांची आणि लेकरांची खाट ओल चढलेल्या भिंतीपासून लांब ओढायची. आणि खाटच हवी, जमिनीवर अंथरूण नको. पावसात बिळं भरली की मण्यार घरात येतो, झोपेत चावतो आणि दाताची खूणही धड दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात. तेव्हा झाडफुकीसाठी बडव्याकडे जाऊन वेळ घालवायचा नाही, १०८ ला फोन.

"अन् रेंज नसली तं?"

"मग कोणाची मोटरसायकल, ते आजच ठरवून ठेवायचं."

काकूंनी लगेच तीन घरांची नावं घेतली आणि दोन खोडली. एकाच्या गाडीत पेट्रोल नसतं, दुसऱ्याच्या अंगात संध्याकाळनंतर मोहाची असते.

मग त्या कचारगडच्या गुहेच्या गोष्टीवर आल्या. कली कंकालीची तेहतीस लेकरं गुहेत कोंडलेली, तोंडावर भला मोठा दगड. हिरासुका पाटालीरने किंगरी वाजवली, आतल्या लेकरांच्या अंगात बळ आलं, दगड सरकला, लेकरं सुटली आणि हिरासुका त्याच दगडाखाली गेला. काकू ही गोष्ट सांगताना नेहमी हात जोडतात. त्या दिवशी हात जोडून पुढे म्हणाल्या, "बाहेर गुरू लिंगो होता, जंगोमाय होती, सारे होते. तरी दगडापुढं हिरासुका एकटाच उभा होता. आमच्या घरचा बुढा बी तसाच. नाल्याले पूर आला का बैल आनाले एकटाच धावते."

बैलांचं मात्र मला पटवावं लागलं नाही, त्यांनीच मला शिकवलं. झडीत जनावराला दुहेरी गाठ मारायचीच नाही. एका झटक्यात सुटेल अशी मारायची आणि गोठ्याच्या खांबाला विळा खोचून ठेवायचा. मोकळं ढोर आपलं आपण उंचावर जातं, बांधलेलं जागीच मरतं. हे मी कुठल्याही सरकारी पत्रकात वाचलं नव्हतं. पत्रकातलं मी त्यांना दिलं ते विजेचं. चमक आणि गडगडाट यांच्यात ३० आकडे मोजून होत नसतील तर बांधी सोडायची, मोहाच्या झाडाखाली थांबायचं नाही, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास घरातच. रोवणीच्या दिवसांत अर्धा तास म्हणजे मजुरी बुडाली, हे काकूंचं उत्तर. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"आणि काकू, भिंतीचा फोटो आताच काढून ठेवा. पडल्यावर पंचनाम्याला सांगायला बरं, की उभी होती."

"पडल्या भिंतीचं कोनी मानत नाई का?"

"मानतात. पण आधी विचारतात."

एवढ्यात त्यांच्या नागपूरच्या भाचीचा विषय निघाला. ती मे महिन्यात येऊन एक पिशवी भरून गेली होती. टॉर्च, सेल, मेणबत्ती, माचिस पॉलिथिनमध्ये, बीपीच्या गोळ्या, जुने कपडे, बिस्किटं आणि एक शिट्टी. पिशवी दाराशी टांगायची, हात लावायचा नाही. बिस्किटं ती बसमध्ये चढेपर्यंत संपली. आता तिथे काकूंनी फुटाणे आणि गूळ ठेवलाय, कारण नातवंडं त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. गोळ्या मात्र जागच्या जागी. त्या त्यांनी रोजच घ्यायच्या असतात हे वेगळं.

शिट्टीचं आम्ही दोघींनी ठरवलं. रात्री तीनदा वाजली की दोन्ही घरांनी बाहेर, शाळेच्या ओट्यावर. माझ्या सासऱ्यांना काकूंचा मुलगा उचलणार, काकूंच्या शेळ्या माझा नवरा सोडणार, पेटलेली चूल जी जवळ असेल तिने विझवायची, सिलिंडरही बंद करायचं.

"पन शिट्टी तं पिशवीत नाई रायत आता," काकू म्हणाल्या.

"का? हरवली?"

"हरवते कायले. पानठेल्यावर बुढा बसते ना, त्याले बलावाले वाजवतो मी. हाका मारून घसा सुकला तं उठत नव्हता. आता एका शिट्टीत येते."